मोटारींतील गारवा आणि त्याची गळती

(नभोवाणीवरील भाषण)



माझ्या एका स्नेह्यांजवळ १९६४ सालीं तयार झालेली एक अमेरिकन मोटार आहे. वडिलांकडून आलेली ही गाडी ते मोठ्या जिव्हाळ्यानें सांभाळतात. गाडींत मूळचेंच हवा थंड करणारें यंत्र आहे, आणि मुंबईच्या ऐन मे महिन्यांत कांचा वर करून त्या गाडींत बसण्यांत जें सुख आहे तें मीं स्वतः अनुभविलें आहे. मात्र हें सुख फार दिवस टिकत नसे. उन्हाळा जवळ आला म्हणजे गाडी कारखान्यांत जावयाची. मिस्त्री म्हणावयाचा, "साहेब, गॅस कमी झाला आहे". गॅस भरला जावयाचा. आणि दिवाळीच्या सुमारास गारवा पुन्हां नाहींसा व्हावयाचा. असे सात-आठ उन्हाळे गेले. कमी झालेला गॅस गेला कोठें, हा प्रश्न मिस्त्रीनें विचारला नाहीं, माझ्या स्नेह्यांनीं विचारला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मागच्या बैठकीवर आरामांत बसणाऱ्या मलाहि तो सुचला नाहीं.

आज मी तुम्हांला या एकाच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहें. प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याचें उत्तर शोधूं लागलों म्हणजे आपण डेट्रॉइटच्या कारखान्यांतून निघून थेट दक्षिण ध्रुवावरील आकाशापर्यंत जाऊन पोहोंचतों.

प्रथम या यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. कोणताहि द्रव पदार्थ वाफेचें रूप घेऊं लागला म्हणजे तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. हातावर स्पिरिट ओतलें असतां हात गार लागतो तो याच कारणानें. मोटारींतील शीतयंत्रांत अशाच एका पदार्थाला सतत फिरतें ठेवलेलें असतें. गाडीच्या आंत, पत्र्याआड दडलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यांत तो उकळतो आणि आंतील उष्णता घेतो. तेथून त्याची वाफ कॉम्प्रेसर नांवाच्या दाबयंत्रांत ओढली जाते. कॉम्प्रेसर तिला दाबतो, त्यामुळें ती तापते. आणि रेडिएटरच्या पुढें असलेल्या दुसऱ्या वेटोळ्यांत ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हां द्रवरूप होते. ही प्रदक्षिणा अखंड चालूं असते, व तींत वायु खर्च होत नाहीं. पेट्रोल जळतें, इंजिनाचें तेल काळें पडतें. पण हा शीतक वायु जितका घातला तितकाच वर्षानुवर्षें राहिला पाहिजे. म्हणून 'गॅस संपला' हा शब्दप्रयोगच मुळीं चुकीचा आहे. गॅस संपत नाहीं; तो गळतो.

मग घरांतील रेफ्रिजरेटरमधून तो कां गळत नाहीं? त्याचें उत्तर १९२७ सालांत सांपडतें. त्या सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें एक रेफ्रिजरेटर बाजारांत आणला. त्याच्या माथ्यावर गोल डब्यासारखें यंत्र बसविलेलें होतें, व विजेची मोटर आणि कॉम्प्रेसर हीं दोन्हीं त्या पोलादी डब्यांत कायमचीं बंद केलेलीं होतीं. आंत शिरत होती ती फक्त विजेची तार. फिरणारा कोणताहि भाग बाहेर येत नव्हता, त्यामुळें वायूला निसटावयास वाटच उरली नाहीं. आज आपल्या स्वयंपाकघरांतील रेफ्रिजरेटर वीस-वीस वर्षें गॅस न भरतां चालतो तो याच रचनेमुळें.

मोटारींतील कॉम्प्रेसरच्या नशिबीं हें सुख नव्हतें. त्याला शक्ति मिळते ती गाडीच्या इंजिनाकडून, पट्ट्याच्या साहाय्यानें. पट्टा बाहेर आणि पिस्टन आंत. तेव्हां या दोहोंना जोडणारा दांडा कॉम्प्रेसरच्या भिंतींतून बाहेर काढावाच लागतो. हा दांडा मिनिटाला हजारों फेरे घेत असतो, आंत वायु दाबाखालीं असतो, आणि फिरता दांडा व स्थिर भिंत यांमधील फट बुजविण्याचें काम एका लहानशा कडीवर सोंपविलेलें असतें. या कडीला कारखान्यांत सील म्हणतात. घट्ट बसविली तर ती घासून झिजते. सैल बसविली तर वायु जातो. मोटारींतील गारव्याचें सगळें भवितव्य अंगठीएवढ्या या कडीवर अवलंबून असतें.

आतां हा वायु कोणता, तें पाहूं. १९२० नंतरच्या दशकांत रेफ्रिजरेटरांत सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड, अमोनिया असे वायु वापरीत असत. ते गळले तर नाकाडोळ्यांना झोंबत, आणि प्रसंगीं जिवावरहि बेतत. या संकटांतून मार्ग काढण्याचें काम जनरल मोटर्सच्या संशोधकांपैकीं टॉमस मिज्ली यानें अंगावर घेतलें. त्यानें व त्याच्या साहाय्यकांनीं १९२८ सालीं कार्बन, क्लोरिन व फ्लुओरिन यांच्या संयोगापासून एक शीतक वायु सिद्ध केला. तोच पुढें फ्रिऑन-१२ किंवा आर-१२ या नांवानें जगभर गेला. १९३० च्या एप्रिलांत अटलांटा येथें रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मिज्लीनें तो वायु स्वतः छातीभर ओढून घेतला आणि तोच श्वास पेटत्या मेणबत्तीवर सोडून ती विझवून दाखविली. वायु विषारी नाहीं आणि ज्वालाग्राहीहि नाहीं, या दोन गोष्टी त्यानें एकाच फुंकरेनें सिद्ध केल्या. शास्त्रज्ञांना आनंद झाला तो योग्यच होता. परंतु त्या प्रयोगांतून जगानें एक तिसरा धडा घेतला, जो मिज्लीनें सांगितला नव्हता. तो धडा असा, कीं हा वायु गळला तरी कांहीं बिघडत नाहीं. जो वायु गळल्याबरोबर माणसें खोकूं लागत त्याची गळती लोक तांतडीनें बंद करीत. ज्या वायूला वास नाहीं, रंग नाहीं आणि ज्यापासून कोणाला कांहीं त्रास नाहीं, त्याची गळती बंद करण्याची घाई कोणाला असणार?

मोटारींत हें यंत्र प्रथम विक्रीसाठीं बसविलें तें पॅकार्ड कंपनीनें. १९३९ च्या नोव्हेंबरांत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत तिनें आपली १९४० सालची वातानुकूलित गाडी मांडली. या सुखासाठीं गिऱ्हाइकाला २७४ डॉलर अधिक मोजावे लागत. थंड हवेचें वेटोळें मागच्या बैठकीच्या पाठीमागें, सामान ठेवण्याच्या जागेंत होतें, आणि कॉम्प्रेसर पुढें इंजिनाजवळ. त्यामुळें वायूच्या नळ्या गाडीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न्याव्या लागल्या होत्या. त्यांतून एक मोठीच उणीव अशी, कीं कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन फिरूं लागलें कीं तो फिरूं लागे. गारवा नको असेल तर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावें, बॉनेट उघडावें आणि हातानें पट्टा उतरवून ठेवावा, एवढाच उपाय होता. हिंवाळा आला म्हणजे पट्टा काढून ठेवण्याचा प्रघात पडला. दोन-तीन वर्षांतच पॅकार्डनें हें यंत्र देणें बंद केलें. आणि १९४२ च्या आरंभीं युद्धामुळें अमेरिकेंत खासगी मोटारी तयार होणेंच थांबल्यानें हा विषय तेवढ्यावरच राहिला.

युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांनीं, १९५३ सालीं, क्रायस्लर व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनीं आपल्या महागड्या गाड्यांतून वातानुकूलन पुन्हां आणलें. पुढच्याच वर्षीं नॅश कंपनीनें अधिक महत्त्वाचें पाऊल टाकलें. ही कंपनी रेफ्रिजरेटर तयार करणाऱ्या केल्व्हिनेटर कंपनीशीं १९३७ सालींच एक झालेली होती, त्यामुळें थंडीचें शास्त्र तिच्या घरांतच होतें. तिनें गाडी ऊबदार करणें, गार करणें व हवा खेळती ठेवणें हीं तिन्ही कामें पुढच्या भागांतील एकाच यंत्राकडे सोंपविलीं, कॉम्प्रेसरला विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच दिला, आणि या सर्वांची किंमत ३४५ डॉलर ठेविली. आतां चालकानें बसल्या जागेवरून खुंटी फिरविली कीं कॉम्प्रेसर थांबे. ज्याला गरज नसतांना थांबवितां येत नाहीं असें यंत्र घरांत काय किंवा गाडींत काय, फार दिवस सुखानें नांदत नाहीं. नॅशनें ही अडचण दूर केली, आणि मोटारींतील वातानुकूलनाचा प्रसार खऱ्या अर्थानें सुरू झाला. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील नव्या गाड्यांपैकीं निम्म्याहून अधिक गाड्या वातानुकूलित निघूं लागल्या होत्या.

या काळांतील कॉम्प्रेसरांचे अनेक घाट आहेत. यॉर्क व टेकम्सी यांचे उभ्या दोन सिलिंडरांचे; क्रायस्लरचा ओतीव लोखंडाचा, दोन सिलिंडर एकमेकांशीं कोन करून असलेला. पण जुन्या मोटारींच्या शोकिनांच्या तोंडीं सर्वांत अधिक नांव येतें तें जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागानें १९६२ सालीं आणलेल्या ए-सहा या कॉम्प्रेसरचें. त्याची रचना मोठी चतुर आहे. लांबट गोल पिंपासारख्या कवचांत मधोमध दांडा, दांड्यावर तिरकी बसविलेली एक जाड तबकडी, आणि तिच्या कडेला दोन्हीं टोंकांनीं काम करणारे तीन पिस्टन. दांडा फिरला कीं तिरकी तबकडी पिस्टनांना मागेंपुढें ढकलते, आणि तीन पिस्टन सहा सिलिंडरांचें काम करतात. त्यामुळें त्याची चाल अत्यंत शांत. वजन मात्र सुमारें ३५ पौंड. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर तो वीस वर्षें राहिला, शिवाय जॅग्वारच्या एक्सजे मालिकेंतील आणि रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडो या इंग्रज गाड्यांवरहि तो बसविला गेला. आज जगांत जुनी वातानुकूलित गाडी दुरुस्तीसाठीं बॉनेट उघडून उभी असेल, तर आंत ए-सहा असण्याचा संभव पुष्कळ आहे.

या बळकट यंत्राचेंहि दुबळें अंग तेंच, सील. दांड्याबरोबर फिरणारी कार्बनची एक गुळगुळीत कडी स्प्रिंगच्या जोरानें चिनी मातीच्या स्थिर चकतीवर टेकलेली असते. दोहोंमध्यें तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो, आणि वायूला अडवून धरतो तो खरोखर हा पापुद्रा. गाडी रोज चालते तोंवर तेल तेथें पोहोंचत राहतें. गाडी महिनोगणती उभी राहिली म्हणजे तेल ओघळून खालीं जातें, कडी कोरडी पडते, जवळचें रबर ताठरतें, आणि वायु हळूहळू वाट काढतो. म्हणूनच हिंवाळ्यांतहि आठवड्यांतून एकदां पांच-दहा मिनिटें हें यंत्र चालवावें असें जाणते कारागीर सांगतात. ज्या गाड्या आपण प्रेमानें आच्छादून ठेवतों, फक्त मिरवणुकीच्या दिवशीं बाहेर काढतों, त्यांचेंच सील सर्वांत आधीं जातें.

वायु गळूं लागल्यावर त्या काळचा कारखानदार काय करी? एक तर लहानशा ज्योतीचा दिवा घेऊन तो नळ्यांच्या सांध्यांवरून फिरवी. ज्योतीला हिरवा रंग आला कीं तेथें गळती आहे असें समजे. पण बहुधा तो एवढाहि त्रास घेत नसे. आर-१२ स्वस्त होता. लहान डब्यांतून तो दुकानांत मिळे, व गाडीचा मालक तो आपल्या अंगणांतहि भरूं शके. सील बदलावयाचें म्हणजे उरलेला वायु सोडून द्यावयाचा, क्लच उतरवावयाचा, नवी कडी बसवावयाची, आंतील हवा व ओल निर्वात पंपानें काढावयाची आणि मग नव्यानें वायु भरावयाचा. त्यापेक्षां दर उन्हाळ्यांत एक-दोन डबे ओतणें सोपें. अशा लक्षावधि गाड्या, आणि प्रत्येक गाडींत तीन-चार पौंड वायु. माझ्या स्नेह्यांच्या मिस्त्रीचें जें वर्तन मीं आरंभीं सांगितलें तें कांहीं आपल्याकडचें नवल नव्हे. तो एका सबंध पिढीचा रिवाज होता.

हा सगळा वायु गेला कोठें, याचें उत्तर १९७४ सालीं मिळालें. कॅलिफोर्नियांतील मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड या दोघां शास्त्रज्ञांनीं त्या वर्षीं असें दाखवून दिलें, कीं या जातीचे वायु खालच्या हवेंत नाश पावत नाहींत. ज्या स्थिरपणाबद्दल त्यांची स्तुति झाली होती तोच स्थिरपणा त्यांना वर चढूं देतो. उंच वातावरणांत सूर्याच्या प्रखर किरणांनीं ते फुटतात, त्यांतून क्लोरिन मोकळा होतो, आणि क्लोरिनचा एकेक अणु ओझोनचे हजारों रेणु नष्ट करतो. हा ओझोनच सूर्यापासून येणाऱ्या अपायकारक किरणांना आपल्यापर्यंत येऊं देत नाहीं. १९८५ सालीं जोसेफ फार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दक्षिण ध्रुवप्रदेशावरील ओझोन दर वसंत ऋतूंत झपाट्यानें कमी होत असल्याचें मोजून सिद्ध केलें. दोनच वर्षांनीं, १६ सप्टेंबर १९८७ रोजीं, मॉन्ट्रिऑल येथें राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. मोलिना व रोलंड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासह १९९५ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

येथें एक हिशेब ध्यानांत घेण्यासारखा आहे. आर-१२ चें वातावरणांतील आयुष्य सुमारें शंभर वर्षांचें मानतात. म्हणजे १९६४ सालीं एखाद्या नव्या गाडीच्या सीलांतून जो वायु गळला, त्यांतील निम्म्याच्या आसपास अद्यापहि आपल्या डोक्यावर आहे. गाडी भंगारांत गेली, तिचा मालक गेला, पण तिच्या एका उन्हाळ्याचा गारवा अजून आकाशांत हिंडतो आहे.

कराराप्रमाणें अमेरिकेंत आर-१२ चें उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबलें. हिंदुस्थान या करारांत १९९२ सालीं सामील झाला, आणि दम्याच्या औषधी फवाऱ्यांसाठीं लागणारा अल्प भाग वगळतां १ ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशांतहि तें उत्पादन बंद झालें. अमेरिकेंत वायु महागतांच त्याची चोरटी आयातहि सुरू झाली आणि मायामीसारख्या बंदरांत त्याबद्दल खटले झाले. नव्या गाड्यांत आर-१३४ए नांवाचा क्लोरिनविरहित वायु आला. तो ओझोनला अपाय करीत नाहीं. मात्र तोहि सर्वस्वीं निर्दोष नाहीं. पृथ्वीचें तपमान वाढविण्याची त्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. आर-१२ ची तर दहा हजार पटींहून अधिक होती. म्हणून युरोपांत २०१७ पासून नव्या मोटारींतून आर-१३४ए लाहि रजा मिळाली आहे. तात्पर्य, वायु बदलला तरी गळतीचा प्रश्न सुटत नाहीं. त्याचें स्वरूप तेवढें बदलतें.

आतां जुन्या गाडीच्या मालकापुढें कोणते मार्ग आहेत, तें पाहूं. गाडींत आर-१२ च्या जागीं आर-१३४ए भरला कीं झालें, अशी कित्येकांची समजूत असते. ती खोटी आहे. आर-१२ बरोबर जें खनिज तेल वापरीत तें आर-१३४ए मध्यें मिसळत नाहीं. कॉम्प्रेसरचें तेल वायूबरोबर फिरून परत यावयाचें असतें. तें जर दूरच्या नळ्यांत साचून राहिलें तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होण्याचा धोका असतो. म्हणून जुनें तेल काढून एस्टर जातीचें तेल घालावें लागतें. जुन्या रबरी नळ्यांतून नवा वायु अधिक सहज झिरपतो, त्यासाठीं आंतून अस्तर असलेल्या नळ्या हव्यात. सांध्यांतील रबराच्या कड्या बदलाव्या लागतात. ओल शोषून घेणारा डबा नवा बसवावा लागतो, कारण ओल राहिली तर तिच्यापासून आम्ल तयार होऊन धातु खातें. नवा वायु अधिक दाबावर चालतो, तेव्हां रेडिएटरपुढील वेटोळें कार्यक्षम नसेल तर आपल्याकडील उन्हाळ्यांत गारवा कमी पडतो. भरावयाचा वायुहि मूळ वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्के इतकाच असावा लागतो. कांहीं ठिकाणीं या सर्व खटपटीला फांटा देऊन स्वयंपाकाच्या गॅसशीं नातें असलेला ज्वालाग्राही वायु भरतात. मिज्लीनें मेणबत्ती विझवून जें संकट दूर केलें तेंच पुन्हां बैठकीसमोर आणून ठेवण्याचा हा प्रकार आहे. तो कोणींहि करूं नये.

राहिला मुख्य प्रश्न: कॉम्प्रेसर दुरुस्त करावा कीं बदलावा? जपानच्या सँडेन कंपनीचे पांच सिलिंडरांचे कॉम्प्रेसर १९७० नंतरच्या दशकापासून जगभर पसरले. ते ए-सहाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे आहेत, इंजिनावर कमी भार टाकतात आणि सहज मिळतात. इतकेंच नव्हे, तर बाहेरून हुबेहूब ए-सहासारखे दिसणारे व आंतून आधुनिक असे कॉम्प्रेसरहि अमेरिकेंत तयार होतात. रोज वापरावयाच्या गाडीसाठीं हा मार्ग गैर आहे असें मला वाटत नाहीं. परंतु जुनी गाडी ही एक ऐतिहासिक वस्तु आहे, हें विसरतां येत नाहीं. आपल्याकडे २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत जपलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. आणि हे नियम चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा असें सांगतात. कॉम्प्रेसरचा निर्णय मात्र मालकाच्या विवेकावर राहतो.

या विवेकाला उपयोगी पडतील असे दोनतीन विचार मांडतों. पहिला असा, कीं दोष कोठें आहे हें कळल्यावांचून कांहींच बदलूं नये. गळती सीलांतून असेल आणि पिस्टन व तबकडी शाबूत असतील तर मूळचा कॉम्प्रेसर दुरुस्त करणेंच योग्य. त्यासाठीं सुधारलेल्या घाटाचीं नवीं सीलें मिळतात. दुसरा असा, कीं आंतील धातु झिजून त्याचा चुरा नळ्यांत गेला असेल, तर नुसता नवा कॉम्प्रेसर बसवून भागत नाहीं. वेटोळीं धुऊन काढलीं नाहींत तर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरचाहि प्राण घेतो. तिसरा असा, कीं बदल करावाच लागला तर तो परत फिरवितां येईल असा करावा. गाडीला नवीं भोंकें पाडूं नयेत. जुना कॉम्प्रेसर त्याच्या मूळ आधारासह, तोंडें बंद करून, आंत तेल घालून जपून ठेवावा. न जाणो, पुढच्या पिढींतील एखादा कुशल कारागीर तो पुन्हां चालूं करील. आणि या सर्वांच्या आधीं, जुना वायु हवेंत सोडून न देतां यंत्रानें काढून घ्यावा. अमेरिकेनें १९९० च्या कायद्यानें हें कारागिरांवर बंधनकारक केलें. पण जेथें कायद्याचा डोळा पोहोंचत नाहीं तेथेंहि तें बंधन पाळण्यासारखें आहे.

माझ्या स्नेह्यांच्या गाडीचें पुढें काय झालें तें सांगून पुरें करतों. गेल्या वर्षीं नेहमींचा मिस्त्री गांवीं गेलेला असल्यामुळें गाडी एका वयस्क फिटरकडे न्यावी लागली. त्यांनीं गॅसचें नांवहि काढलें नाहीं. बॉनेट उघडून प्रथम त्याच्या आंतल्या बाजूकडे पाहिलें. तेथें, कॉम्प्रेसरच्या पुलीच्या बरोबर वर, तेलाच्या शिंतोड्यांची एक काळी आडवी रेघ उमटलेली होती. "मालक," ते म्हणाले, "हें तुमचें यंत्र किती वर्षें ओरडून सांगतें आहे." सीलांतून वायूबरोबर तेल बाहेर येत होतें, फिरती पुली तें भिरकावीत होती, आणि ती रेघ इतक्या वर्षांत आमच्यापैकीं कोणाच्याहि दृष्टीस पडली नव्हती. कॉम्प्रेसर उतरविला; आंतील तिन्ही पिस्टन सुदैवानें शाबूत निघाले. सील बदललें, तेल बदललें, नळ्या व कड्या बदलल्या. जुनें सील त्यांनीं माझ्या स्नेह्यांच्या तळहातावर ठेवलें. सगळ्या खर्चांत त्याची किंमत अगदीं किरकोळ होती. त्या एवढ्याशा कडीसाठीं सात-आठ उन्हाळे गॅस विकत घेऊन आम्हीं तो आकाशाला अर्पण केला होता. यंदाच्या मे महिन्यांत त्या गाडींत गॅस भरावा लागला नाहीं.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा २०२२ सालचा अंदाज असा आहे, कीं राष्ट्रांनीं आपला शब्द असाच पाळला तर जगाच्या बहुतेक भागांवरील ओझोनचें आवरण २०४० च्या सुमारास, व दक्षिण ध्रुवावरील २०६६ च्या सुमारास, १९८० सालच्या स्थितीला येईल. माणसानें केलेली चूक माणसानेंच ओळखून, एकत्र बसून, निस्तरावयास घेतल्याचें याहून मोठें उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं. त्या मोठ्या दुरुस्तींत आपल्याला आपल्या घरांत करण्यासारखें एवढेंच आहे, कीं पुढच्या खेपेस कोणी 'गॅस कमी झाला' असें म्हणाला तर खिशांत हात घालण्यापूर्वीं त्याला विचारावें, "तो गेला कोठून?"